खुनी टेलला गेलाय

अंथुर्ण्याच्या वाचनालयात पुस्तक घ्यायला कार्ड लागत नसे, पाळी लागत असे. कारण वाचनालय होतं पाटाच्या जुन्या चौकीत आणि ते सांभाळणारा गेणबा होता उभा जन्म पाटकरी म्हणून घालवलेला माणूस. कालव्याच्या फाट्यावर कुणाचं दारं कधी उघडायचं आणि कधी मिटायचं, एवढंच त्याने आयुष्यभर केलेलं. निवृत्त झाल्यावर ग्रामपंचायतीने त्याच्या हाती वाचनालयाची किल्ली दिली. गेणबाने कपाट उघडून पुस्तकांकडे पाहिलं, बाहेर उभ्या असलेल्या गावाकडे पाहिलं आणि म्हणाला, "माल कमी, मागणी जादा. म्हंजी पाटाच्या पान्यावानी आवर्तन लावावं लागंल."

आणि त्याने लावलं. खरोखर लावलं. पुस्तक एक आणि वस्त्या चार, मग एका वस्तीने अख्खं पुस्तक दाबून का बसावं? गेणबा पुस्तक लाकडी ओंडक्यावर ठेवायचा आणि ऊसतोडीच्या कोयत्याने चार घावांत त्याचे पाच भाग करायचा. पान फाटायचं नाही, अक्षर दुखायचं नाही. बघणाऱ्यांचे डोळे पांढरे व्हायचे. मग दाभणाने प्रत्येक भाग शिवायचा, वर पेंडीच्या पोत्यातला खाकी कागद चढवायचा आणि भाग पाळीने वस्तीवस्तीवर फिरायचे. पाटाच्या तोंडाशी हेडच्या वस्तीला एक, मधल्या दोघींना एकेक आणि टेलला, म्हणजे पाटाच्या पार शेवटच्या टोकाला, दोन. "टेलवर जलमभर अन्याव झालाय," गेणबा म्हणायचा. "निदान पुस्तकात तरी भरून निघू दे."

कोणता भाग कोणत्या पुस्तकाचा, हे ओळखायची खूण म्हणजे दोरा. खुनाच्या पुस्तकाला लाल, स्वैपाकाच्या पुस्तकाला पिवळा, प्रवासाला निळा, कवितेला हिरवा. खतांच्या पोत्यांची शिवण उसवून काढलेले हे दोरे. बाकी खाकी कागदाखाली सगळी पुस्तकं एका आईची लेकरं. मुखपृष्ठं आणि नावाची पानं वाळवीने कधीच संपवलेली. "नावात काय हाय? पानी कुठल्या धरणाचं ते ऊस इचारत न्हाय," हे गेणबाचं त्यावर उत्तर.

असं सुरळीत चाललं होतं, तोवर शहाण्णव साली दूध सोसायटीचे चेअरमन झुंबरराव यांची नजर चौकीवर पडली. खोली थंड, दगडी, रस्त्याला लागून. दुधाच्या कॅनसाठी याहून झकास जागा गावात नव्हती. झुंबररावांनी ग्रामसभेत उभं राहून सरळ विचारलं, "गावात वाचतंय कोण? त्या कपाटातली अक्षरं म्हशीला घातली तर निदान फॅट तरी वाढंल!"

सभा हसली. गेणबा हसला नाही. तो उठला आणि म्हणाला, "चेरमन, परीक्षा घ्या. एकच पुस्तक घेऊ. चार वस्त्यांची चार माणसं त्याच्यावर बोलतील. ऐकाय कुणाला बी आणा."

"कुणाला बी?" झुंबररावांच्या मिशीला चमक आली. "मग मी माणूस आणतो तो बघा. त्यानं मान डोलावली तर खोली तुमची. न्हाय डोलावली तर सोमवारपासनं हितं कॅन."

ठराव झाला. आणि झुंबररावांनी शोधून काढलेला माणूस म्हणजे पुण्याचे प्राध्यापक घैसास.

घैसासांनी आजवर एकाही पुस्तकाला बरं म्हटलं नव्हतं. त्यांच्या परीक्षणानंतर एका कादंबरीकाराने किराणा दुकान टाकलं होतं आणि ते उत्तम चाललं होतं. एका कवीने तर म्हणे परीक्षण छापून यायच्या आधीच, नुसतं घैसासांनी पुस्तक विकत घेतल्याचं ऐकून, गाव सोडलं. त्यांची मान लहानपणी कधीतरी डोलली असेल तेवढीच, नंतर ती फक्त आडवी हलत आलेली. असे हे प्राध्यापक बारामतीच्या एका व्याख्यानमालेला आले होते. त्यांना आमंत्रण द्यायला झुंबरराव स्वतःची जीप घेऊन गेले आणि पंचायतीचा माणूस म्हणून गेणबालाही मागे बसवून घेऊन गेले.

आणि इथे, मागे चौकीत, गेणबाच्या बायकोने पाव्हण्यासाठी तयारी केली.

धोंडाबाई हौशी बाई. अक्षर येत नसलं तरी वाचनालयावर जीव. त्याच दिवशी सोसायटीची दोन माणसं टेप घेऊन खोली मोजायला आली. मोजताना कपाट आडवं येतंय म्हणून त्यांनी सगळे भाग काढून ओट्यावर रचले आणि मोजून झाल्यावर तसेच टाकून गेले. धोंडाबाई बघते तर काय! दोरे मळलेले, कुठे उंदराने कुरतडलेले, एक लाल, एक पिवळा, एक हिरवा. जत्रेतल्या पोरांसारखे. रविवारी पुण्याचा मोठा माणूस येणार आणि त्याच्यापुढे हे ध्यान? तिने पदर खोचला, सगळे दोरे उसवले, कोरा पांढराशुभ्र नायलॉनचा दोरा घेतला आणि एकूण एक भाग नव्याने शिवून काढला. मग उंचीला उंची लावून कपाटात असे उभे केले, की लष्कराने येऊन शिकावं.

संध्याकाळी गेणबा परतला आणि दारातच थांबला. बॅटरीच्या उजेडात कपाट दह्यासारखं पांढरं दिसत होतं.

"दोरा बदललास?"

"मग! पाव्हण्याफुडं लाज नगं का?"

"अगं, पर खुनाचं पुस्तक कुठं हाय?"

"हुतं तिथंच हाय की. वरच्या फळीवर, डावीकडनं पाच. मी हात लावलाय फक्त दोऱ्याला."

ओट्यावर झालेली उलथापालथ तिला सांगायची आठवण राहिली नाही आणि गेणबाला विचारायची बुद्धी झाली नाही. वरचे डावीकडचे पाच भाग त्याने काढले. पहिला उघडला. पहिल्याच ओळीत प्रेत होतं. गेणबाला हायसं वाटलं. उरलेले उघडायला त्याचा चष्माही धड नव्हता आणि वेळही नव्हता. सकाळच्या दुधाच्या टेम्पोबरोबर भाग वस्त्यांवर रवाना झाले. हेडला जोतीराम, मधे जयवंता, तिच्या खाली मल्हार आणि टेलला बानूबाई.

खरं तर आठवडाभरात भागांची अदलाबदल व्हायची होती. पण पाटाला जे होतं तेच झालं. एकदा दारं उघडलं की कुणी मिटायलाच तयार होईना. जोतीराम म्हणाला, माझं भिजायचं राहिलंय. जयवंता म्हणाली, माझं आत्ता कुठं मुरतंय. मल्हार तर भाग टेम्पोतच ठेवायचा आणि कुठल्याही झाडाखाली गाडी लावून वाचत बसायचा. त्या आठवड्यात कन्हेरीपर्यंत गावोगाव दूध उशिरा पोचलं. थोडक्यात, प्रत्येकाने फक्त आपलाच भाग वाचला आणि प्रत्येकाला वाटलं, बाकीच्यांनी सगळं वाचलंय, तेव्हा आपण गप्प राहिलेलं बरं.

रविवारी चौकीपुढे मांडव पडला. झुंबरराव पहिल्या रांगेत, मांडीवर नवंकोरं कुलूप. बरोबर कॅनने भरलेला ट्रॅक्टरही आणून उभा केलेला. घैसास खुर्चीत, मान आडवी हलायला तयार. बाहेरच्या बाभळीला बानूबाईची शेळी बांधलेली होती. तिच्या तोंडातून पांढऱ्या दोऱ्याचं एक टोक लोंबत होतं. पण शेळीच्या तोंडाकडे सभेच्या दिवशी कोण बघतो?

जोतीराम उठला. ऊसवाला गडी, बोलायला नेटका.

"तर मंडळी, पुस्तक सुरू हुतंय ते मढ्यापासनं. लई मोठा इनामदार. खोली आतनं बंद. कडी लावलेली. खिडकीला गज. आत इनामदार मरून पडलेला. अंगावर वार न्हाय, गळ्याला फास न्हाय. फुड्यात चांदीची ताटली, ताटली रिकामी. आन एक गोष्ट अशी, की तपास करणाऱ्याचं डोकं फिरलं." जोतीराम थांबला. मांडवात माशीसुद्धा बसल्या जागी थांबली. "इनामदाराचा फुडचा दात तुटलेला."

"दात?" झुंबरराव म्हणाले आणि मग आपण बोललो याचा त्यांना राग आला.

"दात. ताजा तुटलेला. का तुटला? कुणाला कळंना."

"पुढे?" घैसासांनी विचारलं.

जोतीरामच्या कपाळावर घाम आला. पुढे त्याच्याकडे खाकी कागद होता. "फुडचं... फुडचं जयवंताबाई सांगत्याल. सगळं मीच पिलं तर खालच्यांनी काय करायचं?"

जयवंता उभी राहिली ती पांढरीफटक होऊन. तिच्या भागात इनामदार नव्हता, कडी नव्हती, तपास नव्हता. होते ते लाडू. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बेसनाचे, डिंकाचे, मुगाचे आणि शेवटी रव्याचे लाडू. आठवडाभर तिला वाटलं होतं, खुनाच्या घरी कार्य असेल. आता सगळा गाव तिच्याकडे बघत होता. ट्रॅक्टरवरचे कॅन बघत होते. मागे उभ्या गेणबाने डोळे मिटून घेतले होते.

"ह्या पुस्तकवाल्याची कमाल अशी," ती सावकाश म्हणाली, "की फुडच्या भागात तो खुनाचं नावच काढत न्हाय. नुस्तं लाडवाचं सांगतो. रवा किती, तूप किती, साखर किती. वाचणाऱ्याला वाटतं, ह्ये काय मधीच? आन मग शेवटाला एक वळ टाकतो." तिने भाग उघडून बोट ठेवलं. "पाक एकतारी घ्यावा. दोनतारी झाल्यास लाडू दगडासारके होतात."

मग बायकांच्या बाजूने एक श्वास आत ओढल्याचा आवाज आला. पुरुषांच्या बाजूला जोतीराम ताडकन उभा राहिला.

"दात!"

"ताटली!" कुणीतरी ओरडलं.

मांडवावरून वारं गेल्यासारखं झालं. माणसं एकमेकांचे हात धरून उठली. लाडू! लाडवात विष! आणि लाडू दगडासारखा! एवढा मोठा पुरावा आणि तो बेट्याने पाककृतीत लपवला! घैसासांची लेखणी हातातून गळून मातीत पडली. ते वाकून उचलायचंही विसरले.

"थांबा थांबा," जयवंता म्हणाली. आता तिला धार चढली होती. "ह्यात आजून एक हाय. रव्याच्या लाडवाचा पाक कोण चुकंल? हितं बसलेल्या कुठल्या बाईचा आजवर चुकलाय?"

"कुनाचा न्हाय!" बायका एका सुरात गरजल्या.

"म्हंजी खुनी बाई न्हाय. बाप्या हाय!"

काय टाळ्या पडल्या! बाभळीवरचे कावळे उठले ते म्हणे भवानीनगरला जाऊन बसले. बायका आपापल्या नवऱ्यांकडे जरा निराळ्या नजरेने बघू लागल्या. झुंबररावांनी मांडीवरचं कुलूप नकळत खाली ठेवलं आणि विचारलं, "बाप्या, पर कुठला?"

इथे गेणबाने डोळे उघडले. त्याला सगळं समजलं होतं. रव्याचे लाडू त्याने गेल्याच महिन्यात, पिवळ्या दोऱ्यात, स्वतःच्या हाताने शिवले होते. त्याने मान वळवून धोंडाबाईकडे पाहिलं. ती पांढऱ्या दोऱ्यांकडे बोट करून शेजारणीला काहीतरी अभिमानाने सांगत होती. गेणबाने पुन्हा डोळे मिटले. मल्हारकडे काय गेलं असेल देव जाणे.

मल्हार उठला. धनगराचा पोरगा, आजोबा मेंढरं घेऊन डोंगर तुडवायचे, हा आता दुधाचा टेम्पो तुडवायचा. त्याला बोलायची सवय नव्हती. हातातला भाग त्याने छातीशी धरला होता.

"माज्या भागात हिमालय हाय," तो म्हणाला.

मांडवात चुळबुळ झाली. घैसासांची भुवई वर गेली. झुंबररावांचा हात कुलपाकडे निघाला.

"एक माणूस एकटाच चाललाय. नाव सांगत न्हाय. मी चाललो, मी थांबलो, मला थंडी वाजली, असं सोताच बोलतोय. का चाललाय ते सांगत न्हाय. कुठनं आला ते सांगत न्हाय. मला आदी कळंना. पर आत्ता," मल्हारने जयवंताकडे पाहिलं, "आत्ता कळलं. पळून चाललाय त्यो. झोळीत त्येच्या लाडू हैत. लिवलंय हितं. थंडीनं दगडासारके झाले, म्हनतो."

"थंडीनं!" जयवंता खदखदली. "लबाड! पाक चुकला म्हण की मेल्या!"

"म्हंजी खुनीच बोलतोय?" झुंबरराव खुर्चीवरून अर्धे उठले. "आपल्याशी? सोता?"

"व्हय चेरमन. आन म्या तर त्येच्यासंगट आठ दिस चाललो." मल्हारचा आवाज खाली आला. "वरती एक खिंड हाय. तिथं वारा पन जपून येतो. रातभर ह्यो माणूस कुडकुडत बसला. आन पहाटं समोरचा डोंगर उजळाय लागला. उन्हानं न्हाय. आतनं. जनू कुणी डोंगराच्या पोटात कंदील लावलाय. आदी तांबूस, मग केशरी, मग सगळा डोंगर नुस्ता सोनं. आन खाली, बर्फाच्या कडंनं, मेंढरं चाललेली. मेंढरं, चेरमन! तिथं, तेवढ्या वर! आन त्यांच्यामागं एक म्हातारा, खांद्यावर घोंगडं. आपल्यासारका." तो थांबला. "त्यो खुनी लिवतो, की मला तिथं हात जोडावंसं वाटलं पर कुणाला जोडू ते कळंना. म्या टेम्पो उभा केला. खाली उतरलो. मला बी कळंना."

मागे कुठेतरी पाट वाहत होता तेवढा ऐकू आला. एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मेंढरं हिमालयात असतात ही गोष्ट गावाला नवी होती आणि ती पोटात उतरायला वेळ लागत होता.

शेवटी बानूबाई उठल्या. टेलच्या वस्तीवरची सगळ्यात थकलेली बाई. नातीकडून, सुकन्याकडून, त्या भाग वाचून घ्यायच्या.

"मला लेकरानं वाचून दावलं," त्या म्हणाल्या. "माज्या भागात मानूसच न्हाय. खून न्हाय, लाडू न्हाय, डोंगर न्हाय. नुस्तं तू. तू आलास तर आंगनात उजेड, तू गेलास तर चूल पेटंना. तू, तू आन तू. कोण कुनाला म्हनतंय ते लिवलंच न्हाय. छोट्या छोट्या वळी. मी म्हनलं सुकन्ये, ह्यो कागद वाया घालवतोय का? ती म्हनली, आज्जे, ऐक गप." त्यांनी पदराने नाक पुसलं. "मंग ऐकलं. आन लेकरांनो, आमच्या धन्यानं मला सगळ्या संसारात एकदा इचारलं, जेवलीस का. एकदाच. मी ते आजून जपून ठिवलंय. आन हितं ही बाई पानंच्या पानं बोलतीया! मला रडू आलं. आता मल्हार बोलला तवा कळलं, ती कुनाची वाट बघतीया. ती इनामदारीण हाय. आन ज्येची वाट बघती, त्यो तिकडं बर्फात बसलाय."

झालं! खून का झाला, तेही कळलं. बायकांनी डोळ्याला पदर लावले, पुरुषांनी खोकून घेतलं. विष घालणाऱ्याविषयी अख्ख्या मांडवात इतकी माया दाटून आली, की तो त्या क्षणी अंथुर्ण्याच्या स्टँडवर उतरला असता तर गावाने त्याला जेवू घातलं असतं. फक्त लाडू सोडून.

पण झुंबरराव आता खुर्चीत राहिले नाहीत. "अरं, पर नाव! त्येचं नाव काय? केला कुणी?"

"मला ते पुस्तक पाहायचं आहे," घैसास म्हणाले.

चारही भाग घैसासांच्या टेबलावर आले. त्यांनी पहिला उघडला, मिटला. दुसरा उघडला. लाडू बघितले. तिसरा. मग चौथा. मग पुन्हा पहिला. त्यांनी चष्मा काढून पुसला. एक पान बोटांत धरून चोळलं, दुसऱ्या भागातलं पान धरून चोळलं. कुलूप झुंबररावांच्या पायाशी होतं, कॅन ट्रॅक्टरवर होते आणि गेणबाची किल्ली त्याच्या मुठीत घामाने भिजली होती.

घैसास उठून उभे राहिले.

"मी मराठीत असं पुस्तक पाहिलेलं नाही. रहस्य, पाकशास्त्र, प्रवास, काव्य, चार साहित्यप्रकार एकाच कथेत! आणि लेखकाची हिंमत पाहा. प्रत्येक भागात भाषा वेगळी. भाषाच काय, टाइप वेगळा! अहो, कागदसुद्धा वेगळा! खुनाला खरखरीत, कवितेला गुळगुळीत! आणि स्वतःचं नाव? कुठेही नाही! आजवर मी इतक्या लेखकांना सांगत आलो, की स्वतःला पुस्तकातून पुसून टाका. कुणी ऐकलं नाही. ह्याने ऐकलं." आणि मग सबंध तालुक्याच्या डोळ्यांदेखत प्राध्यापक घैसासांची मान, आधी जरा करकरत, खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. एकदा चालू झाली ती थांबेना. दोघांनी धरून त्यांना बसवलं, तरी ती डोलतच होती.

"पाचवा भाग द्या," ते म्हणाले. "शेवट."

सगळा मांडव गेणबाकडे वळला. गेणबाने बानूबाईंकडे पाहिलं. बानूबाईंनी खाली पाहिलं. मग त्यांनी हळूच बाभळीकडे पाहिलं. गेणबाने त्यांच्या नजरेमागे नजर नेली आणि त्याला शेळीच्या तोंडातलं ते पांढरं टोक दिसलं. तेवढ्यात शेळीने तेही आत ओढून घेतलं.

पाटकऱ्याचं काळीज होतं म्हणून टिकलं. गेणबा खाकरला.

"पाचवा भाग टेलला गेलाय," तो म्हणाला.

"मग आणा की!" झुंबरराव ओरडले.

"आसं कसं चेरमन? पाळी हाय. टेलचं झाल्याबिगर वर येत न्हाय. कायदा हाय."

"माझी पाळी कवा?"

"लावतो की. पर वाचनालय ऱ्हायलं तर पाळी." गेणबाने ट्रॅक्टरकडे बघितलं. "हितं कॅन आलं तर आवर्तन बंद. मग खुनी कोण, ते खुनी जाणं."

झुंबररावांनी एकदा कॅनकडे पाहिलं, एकदा डोलणाऱ्या मानेकडे पाहिलं. मग वाकून कुलूप उचललं आणि ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, "कॅन माझ्या पडवीत न्हे."

"पडवीत म्हशी हैत, साहेब."

"म्हशी भाईर बांध! हितं खुनाचा तपास चाललाय आन तुला म्हशीचं पडलंय!"

घैसासांनीही जाताना आपलं नाव पाळीत लावून घेतलं, झुंबररावांच्या मागे.

रात्री जेवताना गेणबाने धोंडाबाईला विचारलं, "तू काय करून ठिवलंस, ठाव हाय तुला?"

"ठाव हाय की," ती भाकरी थापत म्हणाली. "नवा दोरा घातला म्हणून पाव्हणा कसा खूश झाला! जुन्या दोऱ्यात मान डोलली आसती व्हय?"

गेणबाने कालवणात भाकरी बुडवली.

त्यानंतर झुंबरराव दर रविवारी चौकीवर येऊ लागले. "आला का पाचवा भाग?" आणि गेणबा कपाळाला हात लावून म्हणायचा, "आवर्तन लांबलंय, चेरमन." पाटाच्या पाण्यावर आयुष्य काढलेल्या झुंबररावांना हे उत्तर पटायचं. पण नुसतं बसून काय करायचं? पांढऱ्या दोऱ्याच्या या भागांत कुठेतरी शेवट दडला असेल, असा झुंबररावांना संशय आला. मग ते कपाटातले भाग एकेक काढून वाचू लागले. डोंगर, समुद्र, भुतं, राजे, चांदण्या, मधमाश्या. सोसायटीच्या मीटिंगला ते फॅटवरून एकदम ध्रुवताऱ्यावर जायचे आणि सभासद तोंड उघडं ठेवून ऐकायचे. एकदा त्यांनी घरी स्वतः रव्याचे लाडू केले. पाक चुकला. त्या दिवसापासून बायको त्यांच्यावर पाळत ठेवून असते.

आणि एके दिवशी त्यांच्या हाती खरोखरच त्या खुनाच्या पुस्तकाचा शेवटचा भाग लागला. इनामदार, चांदीची ताटली, आतून लावलेली कडी, सगळं त्यात होतं. गेणबाने चहाचा कप खाली ठेवला. झुंबररावांनी शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि भाग धाडकन ओट्यावर टाकला.

"भिकार!" ते म्हणाले. "ह्येच्यात खून घरच्या मोलकरणीनं केलाय. मोलकरणीनं! बाईचा पाक चुकंल व्हय? लाडवाचा पत्ता न्हाय, हिमालय न्हाय, ती बिचारी वाट बघतीया तिचं काय झालं ते न्हाय. कुणीतरी आपल्या पुस्तकाची चोरी केलीया, गेणबा. आन ती बी धड न्हाय."

"ठिवू का बाजूला?"

"माळ्यावर टाक. आन पाचवा आला की मला आदी कळव."

गेणबा हो म्हणाला. तेवढ्यात बानूबाईंची शेळी रस्त्याने आली. त्या रविवारपासून ती जरा मान वर करून चालायची आणि बाजारात इतर शेळ्या तिला वाट द्यायच्या, असं अंथुर्ण्यात शपथेवर सांगतात. चौकीपुढे ती थांबली. झुंबररावांकडे तिने बराच वेळ एकटक पाहिलं. झुंबररावांनीही, का कोण जाणे, पुस्तकातून डोकं वर काढून तिच्याकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं. गेणबाने श्वास रोखला.

मग शेळीने शांतपणे रवंथ सुरू केला आणि ती टेलच्या वस्तीकडे निघून गेली.